सोयाबीनची भूक

सोयाबीनच्या तेलांत आज महाराष्ट्रांतील कितीतरी घरांची भाजी शिजते. परंतु त्या पिकाची स्वतःची भूक कोणती, हें थोड्यांसच ठाऊक असतें. लातूर-वाशिमकडील शेतांत एकाच खतावर दोन वाण शेजारीं वाढतात. भाद्रपदांत शेंगा भरूं लागल्या कीं कधीं एकाच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. दुसरा मात्र हिरवागार असतो. मग बियाण्यास दोष दिला जातो. वास्तविक ती हांक बहुधा पालाशाची असते. झाड जुन्या पानांतील पालाश काढून कोवळ्यांस देतें. म्हणून उणीव प्रथम जुन्यांवर उमटते.

पालाश मातीच्या ओलाव्यांतून मुळांकडे अतिशय मंद गतीनें सरकतो. ज्या वाणाचीं मुळें लांब व तंतुमय, त्यास तो अधिक गवसतो. आंखूड मुळांचा वाण भरल्या पंगतींत उपाशी राहतो. शिवाय जो वाण अधिक पिकतो, तो अधिक उचलतोही. एक टन सोयाबीनबरोबर सुमारें २० किलो पालाश शेताबाहेर जातो. तितक्या गव्हाबरोबर जेमतेम याचा तिसरा हिस्सा जातो.

सर्व वाणांस एकच मात्रा देणें वरवर समदृष्टीचें दिसतें; परंतु त्यांत एकाची उपासमार होते व दुसऱ्यावरील खर्च वायां जातो. पालाशाचें खत तर बव्हंशीं परदेशांतून येतें. यास्तव माती तपासावी, वाणाची भूक ओळखावी, व मळणीनंतरचें कुटार शेतासच परत द्यावें; कारण त्यांतही पालाश असतो. पंगतींतला जाणता वाढपी प्रत्येकाचें पान पाहून वाढतो. शेतकऱ्यानेंही पान पाहूनच वाढावें.