पत्रिका आणि पवित्रा



शहापूर-मुरबाडकडे भातकापणी आटोपली, तुळशीचं लग्न लागलं, की स्थळं बघायला सुरुवात होते. पत्रिकेत मंगळ निघाला की आईची झोप उडते. मुलगीही आपल्यातच काही खोट आहे असं धरून बसते.

२००८ साली पुण्यात शास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. हुशार मुलाची कोणती, मतिमंद मुलाची कोणती, ते ओळखायचं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं तरी निम्मी बरोबर येतातच!

मग मनाला बळ कुठून आणायचं? कोल्हापूरच्या मर्दानी खेळात मुलीही लाठी फिरवतात. तिथं आधी शिकायचा तो पवित्रा: पाय रोवलेले, नजर समोर, श्वास शांत. रागानं लाठी फिरवली तर तोल आपलाच जातो. म्हणून पहिला ताबा स्वतःवर. तो रोजच्या सरावानं येतो, कुठल्याही ग्रहाला न विचारता.

गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास जाणत्या माणसाकडून लाठी शिकून घ्या. लेकींनाही सोबत आणा. आणि मंगळाची मुलगी म्हणून कुणी नाव ठेवलं, तर गटातल्या सगळ्याजणी तिच्या बाजूनं बोला.