मालवणच्या पाण्यात कॅमेरा घेऊन



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा 'समुद्राच्या पोटातली छायाचित्रे' असे आम्ही मोठ्या ऐटीत सांगून टाकले. आज बोलायला उभे राहताना ती ऐट उरलेली नाही. का, ते ओघाने येईलच.

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही तिघे मित्र मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलो. समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर या दुर्गाचे काम सुरू केले, हे आपण शाळेत शिकलो. त्याच्या तटाखालच्या पाण्यात पोवळ्यांची वस्ती आहे, हे मात्र शाळेत कोणी सांगितले नव्हते. १९८७ साली हा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पावसाळ्यात येथे बुडी मारता येत नाही. दर्या शांत झाला, गाळ खाली बसला, की हिवाळ्यात पाणी त्यातल्या त्यात निवळते.

पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिशाची वजने, पायांत बदकाच्या पंज्यासारखे पंख. जमिनीवर हा वेष इतका बोजड की होडीतल्या होडीत दोन पावले टाकताना आमची फजिती झाली. पाण्यात पडताच सगळे ओझे नाहीसे झाले. खाली जाताना कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की ते सुटतात. दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. तेवढ्या खोलीवर छातीत घेतलेली हवा वर येईतो दुप्पट फुगू पाहते. म्हणून पहिला नियम असा, की श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. प्राणायामातला कुंभक येथे जिवावर बेतेल!

सातआठ मीटरांवर तळ लागला. पहिला धक्का रंगांचा होता. आमच्या मित्राच्या मनगटाला देवाचा लाल गोफ होता. तो खाली मळकट तपकिरी दिसू लागला. पाणी आधी तांबडा रंग पिते, मग नारिंगी, मग पिवळा. निळा तेवढा खोलवर पोचतो. म्हणूनच छायाचित्रकाराला स्वतःचा उजेड बरोबर न्यावा लागतो. १८९३ साली लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने समुद्राखाली छायाचित्रे घेतली, तेव्हा एकेका काचेसाठी कधी कधी अर्धा अर्धा तास लागे. आमचा कॅमेरा जलरोधक पेटीतला, मुठीएवढा, आणि बाजूला लखलखणारा दिवा. बुताँने पाहिला असता तर आमचा हेवाच केला असता.

पण दिव्यानेही सगळे भागत नाही. मालवणच्या पाण्यात बारीक कण आणि सूक्ष्म जीव तरंगत असतात. त्यांच्यावर समोरून झोत पडला की सगळ्या चित्रावर कोणी अक्षता उधळल्यासारखे पांढरे ठिपके उठतात. पहिली वीस चित्रे आमची अशीच अक्षतांनी भरली. उपाय एकच, दिवा बाजूला धरायचा आणि वस्तूच्या अगदी जवळ जायचे. मध्ये पाणी जितके कमी, तितके चित्र स्वच्छ.

आम्ही जवळ गेलो. पिवळ्या फुलपाखरू माशांची एक जोडी, कोबीच्या पानांसारख्या पातळ पाकळ्यांच्या एका पोवळ्याभोवती घोटाळत होती. श्वास घेतला की आम्ही थोडे वर जात होतो, सोडला की खाली. चौकट काही जमेना. एवढ्यात टण्‌ टण्‌ असा आवाज आला. पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो कोणत्या बाजूने आला हे कानांना उमगत नाही. चहूंकडून घंटा वाजल्यासारखे वाटते. आम्ही एकदा इकडेतिकडे पाहिले, कोणी दिसले नाही, आणि पुन्हा कॅमेऱ्यात डोळे घातले. डावा हात कशावर तरी टेकला. शरीर स्थिर झाले. माशांनी तोंडे वळवली, दिवा लखलखला. चित्र मिळाले!

वर आलो तेव्हा आमचा वाटाड्या, गावातलाच एक गाबीत तरुण, होडीच्या काठाला धरून वाट पाहत होता. टाकीवर लोखंडी कडी आपटून तोच आम्हांला थांबवत होता. आम्ही होडीत चढलो आणि त्याच्याकडे न बघता चित्र कसे आले ते पाहू लागलो. तो एवढेच म्हणाला, "साहेबांनू, ता जिवंत आसा. दगड न्हय."

आणि ते खरेच होते. पोवळे म्हणजे हजारो बारीक प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळे उन्हावर अन्न शिजवतात आणि यजमानाला वाढतात. कित्येक पोवळी वर्षाकाठी एखादा सेंटिमीटरच वाढतात. आम्ही ज्यावर हात टेकला ती पाकळी आमच्या तळव्याहून मोठी होती. तिचे वय काय असेल, हा हिशेब आम्ही परतीच्या वाटेवर मनातल्या मनात करत होतो.

दुपारी पुन्हा उतरायचे ठरले होते. आम्ही उतरलो, पण कॅमेरा होडीत ठेवून. त्या तरुणाने हात छातीशी बांधून, केवळ श्वासाच्या बळावर अधांतरी कसे राहायचे ते दाखवले. संध्याकाळपर्यंत ते आम्हांला थोडेफार साधले.

आता दिवे मालवले की चित्रे सुरू होतील. एकूण बारा आहेत. शेवटचे ते फुलपाखरू माशांचे. त्यांच्याकडे आपले लक्ष जाईलच. खाली डाव्या कोपऱ्यातही पाहावे. तेथे जी पांढरीशुभ्र कड चमकते आहे, ती नुकतीच तुटलेली आहे.