इंजिनाचा उच्छ्वास आणि तेलाचा डबा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय येते, इतिहास येतो. त्यांच्या पंक्तीला आम्ही मोटारीतला तेलाचा डबा आणून बसवला, याबद्दल कोणी हसले तर आम्ही रागावणार नाही. पण रत्नागिरीत आता टर्बोच्या गाड्या आळीआळीतून उभ्या आहेत, आणि ‘हा डबा बसवू की नको?’ असे विचारायला कोणी ना कोणी आमच्या ओटीवर येतच असतो.

सिलिंडरात भडका उडतो, पिस्टन खाली ढकलला जातो. रिंगा कितीही चांगल्या असोत, थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्यात न जळलेले पेट्रोल असते, पाण्याची वाफ असते, आणि खाली उडणाऱ्या तेलाचे तुषार त्यात मिसळतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते; थोडे या वाटेने खाली येते. वायू कोंडला तर ऑइल सील फोडील, म्हणून त्याला वाट हवी. जुन्या गाड्यांत एक नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असे. पुढे हवा बिघडू लागली, तेव्हा १९६१ पासून कॅलिफोर्नियात नव्या मोटारींचा हा उच्छ्वास परत इंजिनातच ओढून जाळण्याची पद्धत सुरू झाली. आज आपल्याकडेही तसेच करावे लागते.

टर्बोची कल्पना जुनी. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. बाहेर जाणाऱ्या वायूने चक्र फिरवायचे, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची. साध्या इंजिनात हवेच्या वाटेवरची ओढच हा उच्छ्वास खेचून घेते. टर्बोने जोर धरला की तेथे ओढ उरत नाही, उलट दाब येतो. मग एक झडप मिटते आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. म्हणजे साखरपा सोडून आंबा घाट चढताना, गळती जास्तीत जास्त असते नेमक्या त्या वेळी, हे तेलकट तुषार टर्बोतून, इंटरकूलरमधून व्हॉल्व्हांवर जातात.

फोडणीच्या वाफेने चुलीवरच्या भिंतीला किटण चढते, तेच येथे. पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडत असेल तर ती धुतली जाते; पेट्रोल थेट सिलिंडरात जात असेल तर धुणारे कोणी नाही. २०१७ ची पेट्रोल नेक्सॉन पहिल्या जातीची, २०१९ ची एक लिटर टर्बो व्हेन्यू दुसऱ्या. दोन्ही टर्बोच, पण डब्याचे उत्तर दोघींना एक नाही. शिवाय वायूतले तेल वेगळे करण्याची काही सोय कारखानदारानेही केलेली असते, हे विसरू नये.

डब्याचे काम मोदकपात्राच्या झाकणासारखे: वाफ थंड पृष्ठभागाला लागते आणि थेंब होऊन गळते. म्हणून डबा इंजिनाच्या धगीपासून दूर हवा, आत जाळी व पडदे हवेत. आमच्या चिरंजीवांनी एका कारागिराकडून डबा बसवून घेतला. नळी बारीक, आणि आत काय, तर भांडी घासायची तारेची घासणी! तिचा एक तुकडा सुटून मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या चक्रात गेला असता तर? ते टळले. दुसरे टळले नाही. श्रावणभर गाडी घर ते बाजार एवढीच फिरली, इंजिन पुरते तापले नाही, डब्यात पाणी व तेल घुसळून सायीच्या रंगाचा काला भरला, आणि तो कोणी ओतला नाही. घाटात, धुक्यात, सूनबाई व नातू मागे बसलेले असताना तो काला एकदम इंजिनाने गिळला. मागे धूर, इंजिन खोकू लागले, आणि गाडी वळणावरच कडेला घ्यावी लागली. डिझेल इंजिन असते तर याहून वाईट. ते अशा तेलावर आपोआप धावत सुटते आणि किल्ली काढली तरी थांबत नाही.

तेव्हा आमचे मत सांगतो. गाडी हमीत असेल तर कंपनीला लेखी विचारल्याशिवाय हात लावू नका. थेट इंजेक्शनची गाडी असेल, घाट नेहमीचा असेल, आणि दर पंधरवड्याला, पावसाळ्यात आठवड्याला, बॉनेट उघडण्याचा आळस नसेल, तरच डबा घ्या. नळी मूळच्या मापाची ठेवा. डब्याचे दुसरे तोंड हवेत उघडे सोडणे आम्हांला मुळीच मान्य नाही. वास गाडीत येतो, हवेचे माप चुकते, आणि ज्या धुरासाठी एवढा खटाटोप झाला तो पुन्हा रस्त्यावर. जमलेला काला इंजिनात परत ओतू नका, भाट्याच्या खाडीत तर नकोच; गॅरेजातल्या जळक्या तेलाच्या पिंपात द्या.

चिरंजीवांचा तो डबा आम्ही बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायचा त्यांनी उघडून पाहावा. हात पुसायचे फडके मात्र एकच आहे.