मान धरून चालत आलेला माणूस



पत्रिकेवरचा विषय वाचून काही जणांनी मला फोन केला. मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया अकोल्याला, संभाजीनगरला किंवा मुंबईला होणार, तिच्यावर मोताळ्यात भाषण कशाला? माझं उत्तर असं, की ती यशस्वी होणार की नाही याचा अर्धा निकाल इथेच, आपल्या तपासणीच्या टेबलावर लागलेला असतो.

कडुलिंबावरून पडलेला, बैलगाडीतून उलटलेला किंवा डोक्यावर पोतं आदळलेला गडी. दोन्ही हातांनी मान धरून तो स्वतः चालत येतो. म्हणतो, "साहेब, मानीत उसण भरली, बाकी काई नाई." हातापायांत बळ पुरेपूर. आपण गोळी देतो, घरचे मान चोळून देतात. कटिंगच्या दुकानात मान कडकन मोडून घेणारेही आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांहून जुन्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये तिसावा रुग्ण मान लचकलेला आहे, त्याच्यावर उपचार करावेत असं लिहिलंय. एकतिसाव्याचा मणका निखळलाय, हातपाय गेलेत, त्याला हात लावू नये म्हणून सांगितलंय. आपला गडी दिसतो तिसाव्यासारखा आणि उभा असतो एकतिसाव्याच्या उंबरठ्यावर.

घडतं काय? मानेच्या मणक्यांचे मागचे छोटे सांधे कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. मान जोरात पुढे वाकून ताणली गेली, की वरचं कौल खालच्यावरून उडी मारून पुढे अडकतं. बहुधा पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यात. एका बाजूचा सांधा निखळला तर बाजूने काढलेल्या एक्सरेत मणका साधारण पाव भाग पुढे सरकलेला दिसतो, दोन्ही बाजूंचे निखळले तर निम्मा. निम्मा सरकूनही मज्जारज्जू कसा वाचतो? कधी मागची कमान मोडून वेगळी राहते आणि नळीला जागा मिळते. काहींची नळी मुळातच रुंद असते. ती उरलेली जागा हीच त्या माणसाची सगळी शिल्लक.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी असा एक रुग्ण घरी पाठवला. एक्सरे पाचव्या मणक्यापर्यंतच होता, खालचं सगळं खांद्यांच्या सावलीत. चौथ्या दिवशी तो परत आला तेव्हा मधलं बोट बधिर झालं होतं. सहावा-सातवा निखळलेला होता. मज्जारज्जू वाचला, पण माझ्यामुळे नव्हे. तेव्हापासून सातव्या मणक्याचा तळ दिसेपर्यंत मी एक्सरे पुरा मानत नाही. हात खाली ओढून काढा, एक हात वर घेऊन काढा, नाहीच दिसला तर सीटी करा.

आता वादाचा मुद्दा. हातपाय गेलेल्या रुग्णात घाई हवी. कवटीला चिमटा लावून, तो जागा असताना, वजन वाढवत सांधा बसवतात, कारण तिथे प्रत्येक तास मोलाचा. शाबूत रुग्णात मी उलट सांगतो, आधी एमआरआय. 1991 मध्ये आइसमाँट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की अशा निखळण्यात फुटलेली चकती मागे सरकून बसलेली असू शकते. भूल देऊन सांधा बसवताना तीच मज्जारज्जूवर ढकलली गेली, तर चालत आलेला माणूस खाटेवरून उठत नाही. जाग्या रुग्णात सावकाश वजन लावणं सुरक्षित आहे असं मानणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हाती चांगले निकाल आहेत. पण ज्याच्याकडे गमावण्यासारखं सगळंच आहे, त्याच्या बाबतीत मी तासभर थांबेन.

चकती मागे आली असेल तर वाट पुढूनच. रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी 1955 मध्ये मांडलेली: गळ्याच्या घडीत छोटा छेद, एका बाजूला श्वासनलिका-अन्ननलिका, दुसरीकडे मोठी रक्तवाहिनी, मधून थेट मणक्यावर. त्याआधी भूलतज्ज्ञाची कसोटी असते, मान मागे न वाकवता दुर्बिणीवरून नळी घालायची. चकती काढायची, खिळ्यांच्या आधाराने मणके हलकेच फाकवायचे, अडकलेलं कौल जागेवर आणायचं. मग कमरेच्या हाडाचा तुकडा आणि टायटॅनियमची पट्टी. पुढून नाही जमलं तर मागून सांध्याचं टोक घासून सोडवतात. तीन आठवडे उलटलेल्या, चोळून चोळून घट्ट झालेल्या मानेला कधी दोन्हीकडून उघडावं लागतं. ती शस्त्रक्रिया मला आजही आवडत नाही.

गडचिरोलीत शोधग्रामच्या दवाखान्यात मुंबईच्या द स्पाइन फाउंडेशनचे सर्जन जाऊन मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात, याचं मला फार कौतुक आहे. पण निखळलेली मान शिबिराच्या तारखेला थांबत नाही. तिला इथून निघावंच लागतं, राजूर घाट चढून किंवा मलकापूरकडे उतरून. घाटातल्या एकेका वळणावर ती शिल्लक पणाला लागते. कॉलर नसेल तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि कपाळावरून पट्टी एवढं तरी हवंच. आणि निघण्यापूर्वी हातापायांची ताकद कागदावर, वेळेसह.

जेवणाआधी मान न वळवता रुग्णाची कूस कशी बदलायची याचं प्रात्यक्षिक आहे. स्ट्रेचरवर रुग्ण म्हणून मीच आडवा होणार आहे. डोक्याशी उभं राहून मान धरायला मात्र रुग्णवाहिकेवरचा माणूस हवा. कोण येतंय?