विहिरीत पावडर मुठीनं नको, हिशेबानं



कपाशीच्या भावाचं बोलायचंच आहे. त्याआधी पाण्याचं बोलू. मृगाचा पाऊस पडतो, तिफण बाहेर निघते आणि नेमकी तेव्हाच घरातली दोन माणसं हगवणीनं आडवी होतात. सलाइनचे पैसे जातात, वाफसा जातो. हा तोटा आपण कुठल्याच उत्पादन खर्चात धरत नाही.

पहिल्या पावसाबरोबर गावची घाण विहिरीत उतरते. आपण तुरटी फिरवतो. गाळ बसतो, पाणी नितळ दिसतं. पण जंतू त्यानं मरत नाहीत. त्याला टीसीएल पावडरच लागते. एकरी बियाणं किती ते आपल्याला तोंडपाठ, पावडर मात्र मुठीनं पडते. ४ मीटर व्यासाची गोल विहीर, ३ मीटर पाणी, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. १,००० लिटरला २.५ ग्रॅम धरले तर ९५ ग्रॅम. पाणी घाण असेल तर जास्त. पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडून पाणी ढवळावं. हे संध्याकाळी, पाणी भरणं संपल्यावर. निदान तासभर पाणी काढू नये.

पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की पावडरचा जोर उडतो. मग विहिरीत पडतो तो नुसता चुना. म्हणून ग्रामपंचायतीच्या वहीतली नोंद पाहू नका, ओटी तपासणी मागा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर पुन्हा टाकायला लावा.

एवढं करून पाणी घरी येतं आणि रांजणात हातासकट पेला बुडतो! तिथं सगळं फुकट. लांब दांड्याचं ओगराळं आणि झाकण हवंच. हे मायबहिणींना सांगून भागणार नाही. बुडणारा हात बहुधा आम्हा पुरुषांचाच असतो. सगळ्या घराचं पाणी उकळायला पऱ्हाट्या पुरत नाहीत, पण तान्ह्याचं आणि आजाऱ्याचं पाणी खळखळून मिनिटभर उकळावं.

आणि फवारणीच्या रिकाम्या डब्यात शेतावर पाणी नेऊ नका. ते विष पावडरनंही जात नाही, उकळूनही नाही.

ज्यांनी आपल्या विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजून आणली असेल, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत भेटावं. ग्रॅमचा हिशेब कागदावर मांडून देऊ.