पुस्तकाचा कागद येतो कुठून?

कागद घेताना प्रकाशक जीएसएम (दर चौरस मीटरचे वजन), शुभ्रता आणि दर पाहतो. पर्यावरणाच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे: या कागदाचा लगदा कशापासून केला?

लगदा लाकडाचा असेल, तर ते लाकूड कोणत्या जंगलातून आले हे कळायला हवे. १९९३ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलने, म्हणजे एफएससीने, जबाबदार वनव्यवस्थापनाचे निकष ठरवले आहेत. मात्र केवळ जंगल प्रमाणित असून भागत नाही. कागद गिरणीपासून छापखान्यापर्यंतची साखळीही प्रमाणित असेल, तरच पुस्तकावर एफएससीचे झाडाचे चिन्ह छापता येते.

दुसरा मार्ग रद्दीचा. कॅनडाच्या रेनकोस्ट बुक्स या प्रकाशनसंस्थेने २००३ साली हॅरी पॉटर मालिकेतले पाचवे पुस्तक पूर्णपणे रद्दीपासून केलेल्या कागदावर छापले. रद्दीतील तंतू मात्र दर फेरीला आखूड होत जातात. त्यामुळे कागदाच्या एकूण उत्पादनात काही ताजा लगदा लागतोच.

तिसरा मार्ग उसाच्या चिपाडाचा. तमिळनाडूत करूर जिल्ह्यातील टीएनपीएल ही गिरणी चिपाडापासून छपाईचा कागद करते. साखर कारखान्यांत एरवी हेच चिपाड बॉयलरमध्ये जळते. त्याचा कागद करायचा, तर कारखान्याला दुसरे इंधन पुरवावे लागते, आणि ते कोणते यावर पर्यावरणाचा खरा हिशेब ठरतो.

कागद कुठलाही असो, विकल्या जाणाऱ्या प्रतींपुरतीच आवृत्ती काढली, तर कच्च्या मालाची बचत होते.