घर आहे, पण राहायचं नाही



तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या मुली अमेरिकेत आहेत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगते. न्यू जर्सीत मी काम करते तिथे एक बाई आली. नवऱ्याचा मार सोसून दोन मुलांना घेऊन बाहेर पडलेली. म्हणाली, "ताई, आमचं दुसरं घर रिकामं आहे, किल्ली माझ्याजवळ आहे. तिथंच जाते." मीही हो म्हणणार होते. कागद पाहिले, तर घर नवऱ्याच्या नावावर नव्हतंच. ते त्याच्या निवृत्तीखात्याच्या, 'आयआरए'च्या मालकीचं होतं.

या खात्यातल्या पैशांतून तिकडे घर घेता येतं. पण गुंतवणूक म्हणूनच. कर-संहितेच्या कलम ४९७५ प्रमाणे खातेदार, त्याची बायको, आईवडील, मुलं-नातवंडं, सुना-जावई यांनी ते वापरायचं नाही. एक रात्रही नाही, बाजारभावानं भाडं भरूनही नाही. (भाऊ-बहीण या यादीत नाहीत. म्हणजे दिराला भाड्यानं देता येईल, बायकोला नाही!) खातेदारानं किंवा त्याच्या वारसदारानं नियम मोडला, तर त्या वर्षाच्या १ जानेवारीलाच खातं संपलं असं धरतात. साऱ्या रकमेवर आयकर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर १० टक्के. वारसदार म्हणून नाव हिचंच होतं. राहायला गेली असती, तर ज्यात हिस्सा मागायचा तेच आटलं असतं.

त्या घराच्या भिंती तिनं रंगवल्या होत्या. भाडेकरू बदलला की न्हाणीघरं घासली होती. अशा नातलगानं खात्याला सेवा देणं हेही त्याच कलमात निषिद्ध! बायकांच्या कामाची नोंद होत नाही म्हणतो आपण. इथं झाली असती तर गुन्ह्यासारखी.

आणखी एक. कंपनीच्या ४०१(के) योजनेत बायकोला डावलून दुसरा वारसदार नेमायचा, तर १९८४च्या कायद्यानं तिची लेखी संमती लागते. आयआरएला केंद्रीय कायद्यात ती अट नाही. नोकरी सुटल्यावर पैसे तिकडून इकडे वळवले, की बहुतेक वेळा तिच्या सहीचं कामच उरत नाही. हिच्या बाबतीत तेच झालं होतं, आणि तिला पत्ता नव्हता.

घटस्फोटाच्या हुकुमानं खात्याचा हिस्सा कर न लागता बायकोच्या नावे करता येतो. तसा तिला मिळाला. पण मग खातेदार तीच, म्हणून राहायची बंदी तिलाच! घर खात्यातून बाहेर काढून कर भरावा, तेव्हा राहावं. तिनं रोख हिस्सा घेतला. आश्रयगृहातून दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत गेली. जाताना ती किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, म्हणाली, "वकिलांकडे द्या."